उजवं हृदय थकतं तेव्हा : आयसीयूतल्या वाचकांचे प्रश्न

हार्ट फेल्युअर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो डाव्या बाजूचा पेशंट: उठून बसलेला, धापा टाकणारा, छातीत खरखर. तो ओळखायला आता फारसं कुणी चुकत नाही. फुफ्फुसं कोरडी, मान फुगलेली आणि बीपी पडलेलं असा पेशंट आला की मात्र वॉर्डात दोन तट पडतात. एक म्हणतो सलाईन लावा, दुसरा म्हणतो लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) द्या. या वेळची जवळजवळ सगळी पत्रं याच पेचाची आहेत.

प्रश्न : ५८ वर्षांचा पेशंट, इन्फिरियर वॉल एमआय (हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक). आला तेव्हा बीपी ११०/७०. छातीत दुखत होतं म्हणून नायट्रोग्लिसरीनची ड्रिप लावली. वीस मिनिटांत बीपी ८०/५० वर आलं. छाती दोन्हीकडे स्वच्छ, सॅच्युरेशन ९७, पण मानेतली शीर फुगलेली. ड्रिप बंद करायची की सलाईन लावायची? (स्टाफ नर्स, सांगली)

ड्रिप आधी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. बीपी ८० असताना नायट्रोग्लिसरीन थांबवायला कुणाची हरकत नसते, आणि या पेशंटमध्ये तर ती लागायलाच नको होती.

बीपी पडलेलं, मान फुगलेली, छाती स्वच्छ: ही तीन लक्षणं इन्फिरियर एमआयमध्ये एकत्र दिसली की उजव्या व्हेंट्रिकललाही (आरव्ही, हृदयाचा उजवा खालचा कप्पा) झटका बसलाय असं धरून चाला. इन्फिरियर एमआयच्या साधारण तिघांपैकी एकात आरव्ही सापडतो, कारण उजवी कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी) खालच्या भिंतीला आणि आरव्हीला, दोघांनाही रक्त पुरवते. आरव्हीची भिंत जेमतेम ३ ते ५ मिमी जाडीची. डावं व्हेंट्रिकल १२० च्या दाबाने रक्त ढकलतं, उजव्याला एरवी २५ पुरतात. अशी पातळ भिंत मार खाऊन ढिली पडली की रक्त पुढे जातं ते मागून येणाऱ्या भरतीच्या जोरावर. नायट्रोग्लिसरीन शिरा सैल करतं, भरती ओसरते आणि बीपी कोसळतं. मॉर्फिनचा मोठा डोस किंवा ‘लघवी कमी आहे’ म्हणून दिलेलं लॅसिक्स हेच करतं.

खात्री करायला उजवीकडचा ईसीजी काढा. वेगळं काही लागत नाही. व्ही-फोरची (छातीवरच्या वायर्सपैकी चौथी) वायर डावीकडून काढा आणि उजव्या छातीवर पाचव्या फासळीच्या वरच्या नव्हे, खालच्या फटीत, म्हणजे पाचव्या इंटरकॉस्टल स्पेसमध्ये, कॉलर बोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर लावा. ही फट मोजताना घाई नको: स्टर्नमवरचा (छातीच्या मधल्या हाडावरचा) उंचवटा बोटाने चाचपा, त्याच्या लगत दुसरी फासळी, तिच्याखाली दुसरी फट, तिथून खाली मोजत या. मशिन बिचारं ‘व्ही-फोर’च छापणार, म्हणून कागदावर पेनने ‘व्ही-फोर-आर’ आणि वेळ लिहा. नाहीतर सकाळी राउंडला कुणीतरी तो डाव्या बाजूचा समजून वाचतं. एसटी (ईसीजीच्या रेघेचा एक भाग) १ मिमी किंवा जास्त उचललेला दिसला तर निदान जवळपास पक्कं. हा बदल काही तासांतच पुसला जातो, तेव्हा ‘सकाळी काढू’ चालत नाही. साध्या ईसीजीतही एक खूण असते: लीड तीनमधला एसटी लीड दोनपेक्षा जास्त उचललेला असतो.

आता सलाईन. नायट्रोग्लिसरीनचा असर थांबवल्यावर काही मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटांत बीपी आपसूक थोडं वर येऊ शकतं. सोबत पाय वर उचलून बघा. मग ऑर्डरप्रमाणे एनएस (नॉर्मल सलाईन) २५० मिली, १० ते १५ मिनिटांत. संपलं की थांबायचं आणि बघायचं: बीपी वाढलं का, ठोके कमी झाले का, मान आणखी फुगली का, छातीत बुडाशी खरखर आली का. बीपी वाढलं आणि मान तशीच राहिली तर आणखी एक. मान फुगली आणि बीपी हललं नाही तर पुढची बाटली लावू नका; आता हृदयाचा जोर वाढवणारं डोबुटामाइन किंवा बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन लागणार. ‘आरव्ही एमआयला पाणी द्यायचं’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, कुठे थांबायचं ते मात्र कुणी पाठ करत नाही.

ठोक्यांवर नजर ठेवा. या पेशंटना ब्लॉक (ठोक्याचा संदेश अडणं) पटकन होतो, ठोके ४० वर येतात. ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिनच्या अँप्युल ट्रेवर मोडायच्या तयारीत हव्यात आणि पेसिंगची सोय कुठे आहे ते माहीत हवं. आणि हे सगळं वेळ मारून नेणं आहे. खरा उपाय बंद झालेली कोरोनरी उघडणं, मग ते कॅथलॅबमध्ये असो की क्लॉट विरघळवणाऱ्या औषधाने.

प्रश्न : रात्रीच्या ओव्हरला (पाळी बदलताना) सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, ९ सांगितलं. सकाळी मी बघितलं तर १७. पेशंट तसाच, बीपी तेच, लघवी तीच. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणतात त्यांनी नीट बघितलं होतं. चूक कुणाची? (जिल्हा रुग्णालय, अतिदक्षता विभाग)

बहुधा पलंगाची. ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारं यंत्र) सलाईनच्या स्टँडला बांधलेला असतो आणि पलंग वर-खाली होतो. पेशंट ११ सेंमी वर उचलला गेला आणि ट्रान्सड्यूसर जागच्या जागी राहिला, तर आकडा फुकट ८ ने वाढतो. हिशोब सोपा आहे: पाऱ्याचा १ मिमी म्हणजे पाण्याचे १.३६ सेंमी. पहाटे स्पंजिंग करताना पलंग वर घेतला आणि परत खाली आणला नाही, एवढंच घडलेलं असतं.

म्हणून प्रत्येक ओव्हरला, आणि पलंग हलवला की दर वेळी, लेव्हल तपासा. चौथ्या फटीची रेषा आणि काखेच्या मध्यातून खाली येणारी रेषा जिथे छेदतात तिथे त्वचेवर मार्करने फुली मारून ठेवा, म्हणजे तिन्ही पाळ्या एकाच जागेवरून मोजतील. ट्रान्सड्यूसरचा हवेकडचा स्टॉपकॉक त्या फुलीच्या रेषेत आणा, हवेकडे उघडा, झिरो करा, बंद करा. डोक्याकडची बाजू ३० अंश वर असली तरी चालते, फक्त दर वेळी तेवढीच असू द्या आणि चार्टवर लिहा. कुशीवर झोपवलेल्या पेशंटचा आकडा लिहू नका. प्रेशर बॅग ३०० वर फुगलेली आहे ना, नळीत बुडबुडा नाही ना, हेही बघा.

आकडा वाचायचा तो श्वास सोडून झाल्यावर. आपण होऊन श्वास घेणाऱ्यात श्वास घेताना रेघ खाली जाते, म्हणून ती खाली जाण्याच्या आधीची पातळी धरा. व्हेंटिलेटरवर उलट: मशिन हवा ढकलतं तेव्हा रेघ वर जाते, म्हणून ती वर जाण्याच्या आधीची. मॉनिटरवर दिसतो तो आकडा सगळ्याची सरासरी असते, दम लागलेल्या पेशंटमध्ये ती फसवते. ट्रायकस्पिड (उजव्या बाजूची झडप) गळत असेल तर रेघेत मोठमोठ्या लाटा दिसतात. तशी रेघ दिसली तर आकड्याशेजारी तेही लिहा.

पाण्याचा मॅनोमीटर वापरत असाल तर आकडा सेंमीत येतो. मॅनोमीटरचे १६ म्हणजे मॉनिटरचे १२. एका पाळीने सेंमी लिहिलं आणि दुसरीने मिमी, तर पेशंट कागदावरच बिघडतो आणि कागदावरच सुधारतो.

आणखी एक, आणि हे जास्त धोक्याचं: सीव्हीपी ज्या लुमेनवर (शिरेतल्या नळीच्या ज्या वाटेवर) मोजता त्यातून नॉरअॅड्रेनलिन चालू ठेवू नका. आकडा चुकतोच, वर कुणी फ्लश केलं की नळीत साठलेलं औषध एकदम आत जातं आणि बीपी २२० दिसतं. डिस्टल (टोकाशी उघडणारं) लुमेन मोजण्याला, औषधं दुसऱ्यात, आणि त्या दुसऱ्याच्या टोकाला ‘फ्लश करू नका’ अशी चिकटपट्टी.

प्रश्न : सीव्हीपी १८, बीपी ८२/४६, लघवी तासाला १५ मिली. क्रिॲटिनिन वाढतंय. आम्हाला शिकवलंय की लघवी कमी तर आधी पाणी. डॉक्टरांनी उलट लॅसिक्स आणि नॉरअॅड्रेनलिन दोन्ही लिहिलं. बीपी कमी असताना लॅसिक्स द्यायला हात धजत नाही. (ब्रदर, कार्डियाक आयसीयू, नागपूर)

हात धजत नाही हे चांगलंच आहे, पण ऑर्डर बरोबर आहे.

किडनीतून रक्त वाहायला पुढून दाब लागतो आणि मागे वाट मोकळी लागते. बीपी ८२/४६ म्हणजे मीन (सरासरी दाब) ५८. त्यातून सीव्हीपीचे १८ वजा करा: किडनीच्या वाट्याला उरले ४०. दुसऱ्या कुणाचं मीन तेच ५८ आणि सीव्हीपी ६ असेल तर त्याला ५२ मिळतात. तुमच्या पेशंटची किडनी कोरडी नाही, तुंबलेली आहे. तिला अजून पाणी पाजणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

दुसरी अडचण हृदयातच आहे. दोन्ही व्हेंट्रिकल एकाच पिशवीत, मध्ये एकच पडदा. उजवं आधीच ताणलेलं असताना आणखी भरलं की तो पडदा डावीकडे ढकलला जातो आणि डाव्याला भरायला जागा उरत नाही. इकोत डावं व्हेंट्रिकल गोल दिसायचं ते इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं चपटं दिसतं. मग जितकं पाणी, तितकं बीपी खाली. आणि बीपी खाली गेलं की ताणलेल्या आरव्हीच्या भिंतीला स्वतःचं रक्त मिळत नाही, ती आणखी ढिली पडते. हे चक्र फिरायला लागलं की तासाभरात पेशंट हाताबाहेर जातो. नॉरअॅड्रेनलिन ते चक्र पुढून तोडतं, लॅसिक्स मागून.

क्रम असा: आधी नॉरअॅड्रेनलिनने मीन ६५ वर आणा, मग लॅसिक्स. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिग्रॅ भरलं तर १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपावर ४.५ मिली. हे तोंडी करून बघा आणि चार्टवर हिशोबासकट लिहा. एक खाच: अँप्युलवर ‘नॉरअॅड्रेनलिन बायटार्ट्रेट’चं वजन लिहिलंय की नुसत्या नॉरअॅड्रेनलिनचं, ते वाचा. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे जेमतेम १ मिग्रॅ नॉरअॅड्रेनलिन. स्टोअरमधून दुसऱ्या कंपनीचा माल आला, लेबल न वाचता भरला आणि डोस दुप्पट किंवा निम्मा झाला, असं व्हायला वेळ लागत नाही. युनिटमध्ये एकच पद्धत ठरवून भिंतीवर लावा.

सिरिंज संपायच्या दहा मिनिटं आधी दुसरी भरून, नळी हवा काढून, दुसऱ्या पंपावर तयार ठेवा. थकलेल्या आरव्हीला दोन मिनिटांची फट सोसत नाही.

नुसतं नॉरअॅड्रेनलिन पुरलं नाही तर डोबुटामाइन येतं. २५० मिग्रॅ ५० मिलीत, म्हणजे १ मिलीत ५ मिग्रॅ. ६० किलोला ५ मायक्रोग्रॅमने ३.६ मिली ताशी. याने हृदय जोरात आकुंचन पावतं, पण रक्तवाहिन्याही सैल होतात, त्यामुळे सुरू केल्यावर बीपी आधी थोडं पडू शकतं. ठोके १३० च्या वर गेले किंवा नाडी अनियमित झाली तर लगेच कळवा. एट्रियल फिब्रिलेशन आलं की आरव्हीच्या भरण्यातला एट्रियमचा शेवटचा रेटा जातो आणि हा पेशंट तो गमावून तग धरत नाही.

लॅसिक्सचं म्हणाल तर, कधीच न घेतलेल्याला ४० मिग्रॅ, आणि घरी दिवसाला ८० मिग्रॅच्या गोळ्या घेणाऱ्याला शिरेतून निदान ८०. मिनिटाला ४ मिग्रॅपेक्षा वेगाने देऊ नका, कानाला इजा होते; ८० द्यायचं तर वीस मिनिटं घ्या. युरोबॅग आधी रिकामी करा आणि वेळ लिहा, नाहीतर आधीची लघवी औषधाच्या खात्यावर जमा होते. पुढचे सहा तास दर तासाला मोजा. तासाला १०० ते १५० मिली व्हायला हवी. दोन तासांत काहीच हललं नाही तर सहा तास वाट न बघता सांगा, डोस दुप्पट करायचा निर्णय तेव्हाच घ्यायचा असतो. पोटॅशियम ४ च्या खाली जाऊ देऊ नका, मॅग्नेशियम २ च्या.

प्रश्न : आमचे बहुतेक पेशंट झोपून असतात. पायावर सूज दिसत नाही, मग उजव्या बाजूचं फेल्युअर लवकर कसं ओळखायचं?

पाय सोडा, कंबर बघा. पाणी उताराला जातं. झोपलेल्या माणसाचा उतार म्हणजे माकडहाडाचा भाग आणि मांड्यांची मागची बाजू. कुशीवर वळवाल तेव्हा तिथे अंगठा पाच सेकंद दाबून धरा. चादरीच्या सुरकुत्यांचे वळ तिथे खोल उठलेले दिसतात, तेही सूजच सांगतात. पुरुषांत वृषणाची पिशवी फुगते. तिच्याखाली मऊ टॉवेलची गुंडाळी द्या.

मानेसाठी डोकं ४५ अंशांवर, मान किंचित डावीकडे, आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपी. सावळ्या त्वचेवर शीर थेट दिसत नाही, तिरप्या प्रकाशात तिची सावली हलताना दिसते. हलणाऱ्या टोकाची उंची स्टर्नमच्या उंचवट्यापासून उभी मोजा. ३ सेंमीपेक्षा जास्त म्हणजे वाढलेली. मग पोटावर उजवीकडे बरगडीखाली तळहाताने १० ते १५ सेकंद सावकाश दाबा. शीर वर चढून तिथेच राहिली तर उजवं हृदय आलेलं रक्त पुढे ढकलू शकत नाही. लिव्हर सुजलेलं असेल तर इथे दुखतं, आधी सांगून दाबा.

याच्याही आधी काय दिसतं? जेवण नको म्हणणं, दोन घासांत पोट भरणं, मळमळ. आतडं आणि लिव्हर तुंबल्याची ही पहिली तक्रार, आणि ती बहुतेकदा ॲसिडिटीच्या नावावर खपते. रिपोर्टमध्ये बिलिरुबिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) हळूहळू चढतात. तुंबलेल्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून तोंडाने चालू असलेलं लॅसिक्स ‘लागू पडत नाही’. तुंबलेलं लिव्हर मिडाझोलाम (गुंगीचं औषध) लवकर साफ करत नाही, म्हणून पेशंट गरजेपेक्षा जास्त गुंगीत राहतो. बोटं गार असतात, सॅच्युरेशनचा प्रोब भलतंच दाखवतो. कानाच्या पाळीला लावून बघा.

वजन रोज, त्याच वेळी, त्याच काट्यावर. आणि सुजलेल्या माकडहाडाची त्वचा कागदासारखी ताणलेली असते, दोन तासांच्या वळवण्यात हयगय झाली की बेडसोअर ठरलेलाच. टाचा उशीवरून अधांतरी ठेवा.

प्रश्न : फुफ्फुसाच्या वाहिनीत अडकलेल्या मोठ्या क्लॉटचा (गुठळीचा), म्हणजे पल्मनरी एम्बोलिझमचा पेशंट दमला म्हणून ट्यूब टाकली आणि पाचच मिनिटांत अरेस्ट झाला. व्हेंटिलेटरने तर मदत व्हायला हवी होती. असं का होतं? (सीनियर सिस्टर, पुणे)

डाव्या बाजूच्या फेल्युअरला व्हेंटिलेटर मदत करतो, उजव्याला नडतो. आपण होऊन श्वास घेताना छातीतला दाब उणे होतो आणि रक्त हृदयाकडे ओढलं जातं. मशिन हवा ढकलतं तेव्हा दाब वाढतो, येणारं रक्त कमी होतं आणि फुफ्फुसांतल्या बारीक वाहिन्या दाबल्या जाऊन आरव्हीसमोरची भिंत आणखी उंच होते. त्यात गुंगीच्या औषधाने शरीराचा जो शेवटचा जोर बीपी धरून ठेवत होता तोही जातो. ट्यूब टाकताना मिनिटभर ऑक्सिजन घसरला आणि कार्बन डायऑक्साइड चढला, तर फुफ्फुसांच्या वाहिन्या आणखी आवळतात. चारही गोष्टी दोन मिनिटांत एकत्र.

म्हणून अशा पेशंटला शक्य तोवर ट्यूबपासून लांब ठेवायचा प्रयत्न असतो. टाळता आलीच नाही तर तयारी वेगळी: नॉरअॅड्रेनलिन औषधाच्या आधी चालू, नंतर नाही. आर्टेरियल लाइन असली तर उत्तम, नसेल तर कफ दर मिनिटाला. प्रोपोफॉलऐवजी डॉक्टर बहुधा केटामाइन किंवा इटोमिडेट कमी डोसमध्ये मागतील, तेच भरून ठेवा. आणि ट्यूब गेल्यावर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मिनिटाला १०-१२ वेळा, हलक्या हाताने. घाबरून तीस वेळा दाबणं हेच अनेकदा शेवटचं निमित्त ठरतं.

मशिनवर टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) किलोमागे ६ मिली, पण किलो म्हणजे उंचीवरून येणारं वजन. १६० सेंमी उंचीच्या बाईचं ते सुमारे ५२ किलो, म्हणजे ३१० मिलीच्या आसपास, मग काट्यावर ती ८० किलोची असली तरी. पीप (श्वास सुटल्यावर फुफ्फुसात राखलेला दाब) गरजेपुरतं, प्लॅटू (हवा भरल्यावरचा दाब) २७-३० च्या आत, कार्बन डायऑक्साइड ४८ च्या आत. एबीजीत (धमनीच्या रक्ताच्या तपासणीत) पीएच घसरताना दिसला की आकडा फोनवर सांगा, फाइलला लावून ठेवू नका.

सक्शनमध्येही पेशंट कोसळतात. आधी अर्धा-एक मिनिट १०० टक्के ऑक्सिजन, बंद सक्शनची नळी, आत १० सेकंद, फार तर १५. आठ नंबरच्या ट्यूबमधून १२ नंबरपेक्षा जाड कॅथेटर नको. दर दोन तासांनी ठरलेलं म्हणून सक्शन करू नका. आवाज आला, स्राव दिसला तरच.

या पेशंटला हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लिहिलं असेल तर व्हायल दोनदा वाचा. ५ मिलीच्या व्हायलमध्ये ५,००० युनिट असतात आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या व्हायलमध्ये २५,०००. ६० किलोला किलोमागे ८० ने बोलस ४,८०० युनिट, मग किलोमागे १८ ने तासाला १,०८० युनिट. २५,००० युनिट ५० मिलीत भरले तर पंपावर २.२ मिली. क्लॉट विरघळवायचं ठरलं, म्हणजे अल्टेप्लेस १०० मिग्रॅ दोन तासांत किंवा स्ट्रेप्टोकायनेज, तर सगळ्या टोचाटोची आधी उरका: दोन जाड लाइन, फॉली, रक्ताचे नमुने, रायल्स ट्यूब. सुरू झाल्यावर इंजेक्शन मसलमध्ये नाही, आर्टरीला सुई नाही. शुद्ध किंवा बोलणं बदललं, डोकं दुखतंय म्हणाला, तर ड्रिप थांबवून मग हाक मारा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं आयुष्य चुलीपुढे गेलं. बिडी-तंबाखू कधीच नाही, तरी फुफ्फुसांमुळे हृदयाची उजवी बाजू खराब झाली असं डॉक्टर म्हणाले. आयसीयूतून घरी आणलंय, ऑक्सिजनचं मशिन आहे. काय सांभाळायचं? (वाचक, जि. सातारा)

तुमच्या सासूबाईंसारख्या बायकांचं हे दुखणं जुनं आहे. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्येच तिथल्या अशा पेशंटवर लिहिलं होतं, आणि बिडी न ओढणाऱ्या बायकांत ते एवढं का दिसतं याचा माग चुलीच्या धुरापाशी काढला होता. तेव्हा पहिली गोष्ट, त्यांच्या खोलीतच नव्हे तर शेजारच्या खोलीतही चूल पेटवू नका.

मशिन दिवसातून निदान १५ तास लावायचं, झोपेत तर लावायचंच. बोटाच्या मशिनवर ८८ ते ९२ दिसलं की पुरे. दम लागला म्हणून स्वतःहून ऑक्सिजन वाढवत नेऊ नका. अशा फुफ्फुसात त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटतं शांत झोप लागली. देवघरातलं निरांजन, उदबत्ती त्यांच्या खोलीत नको.

मीठ दिवसभरात सगळं मिळून एक सपाट चमचा. भाजीत कमी केलं आणि ताटात लोणचं, पापड, सांडगी मिरची ठेवली तर काही उपयोग नाही. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. दिवसात १ किलो किंवा तीन दिवसांत २ किलो वाढलं तर दम लागायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. गुडघेदुखीला मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक आणून देऊ नका, त्याने अंगात पाणी आणि मीठ धरून राहतं.

प्रश्न : पल्मनरी हायपरटेन्शनची (फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेली) पेशंट रात्री अकराला दाखल झाली. घरच्या गोळ्या, सिल्डेनाफिल आणि बोसेंटन, नातेवाइकांच्या पिशवीत आहेत, आमच्या स्टोअरमध्ये नाहीत. सकाळच्या राउंडपर्यंत थांबलं तर चालेल का? (रात्रपाळी, ठाणे)

नाही. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते विचारा, रात्रीचा डोस चुकला असेल तर आत्ताच डॉक्टरांना सांगून ऑर्डर घ्या आणि पिशवीतली गोळी नोंद करून द्या. ही औषधं एकदम बंद झाली की फुफ्फुसांतला दाब उसळतो. हेच श्वासातून चालू असलेल्या नायट्रिक ऑक्साइडला लागू: सिलिंडर संपायच्या आत दुसरा जोडलेला हवा आणि अंबूला लावायची जोडणी तयार हवी.

केसपेपरवर ठळक लिहा की सिल्डेनाफिल चालू आहे, नायट्रोग्लिसरीन किंवा सॉर्बिट्रेट द्यायचं नाही. छातीत दुखतंय म्हटल्यावर कुणीतरी सवयीने जिभेखाली गोळी ठेवतं.

रायल्समधून द्यायची वेळ आली तर सिल्डेनाफिल कुटून पाण्यात देता येतं. बोसेंटन गर्भाला घातक आहे. पाळीत कुणी सिस्टर गरोदर असेल तर ती गोळी तिच्याकडे कुटायला देऊ नका, दुसरीने ग्लोव्हज आणि मास्क घालून करावी.